एक नंबर मोठा

माझी भाची मनू यंदा फिजिओथेरपिस्ट झाली आणि पुण्यातच एका दवाखान्यात लागली. पगार विचारला की ‘घरभाडं दिल्यावर सांगते’ म्हणते. जूनच्या दुसऱ्या रविवारी जेवायला आली होती. वरणभातावर तूप वाढून घेताना म्हणाली, “मामा, महिनाअखेर आम्ही सहा जण राजगडला चाललोय. गुंजवण्यातून, चोर दरवाज्याने. माझ्याकडे बूट नाहीत. अडीच हजार आहेत. काय घेऊ?”

हा विषय माझ्यापाशी काढू नये हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तीस वर्षं सह्याद्रीत चालतोय. इतक्या वर्षांत बूट सात-आठ झाले असतील, मतं त्याहून बरीच जास्त. पण तिने विचारलं.

“अडीच हजारांत बूट येत नाही,” मी म्हणालो. “नाव घेण्यासारखा बूट पाच-सहा हजारांच्या पुढे. वरचे पैसे मी घालतो.”

“वरचे नकोत. आणि अडीच हजार नुसत्या बुटाचे नाहीत. त्यात मोजे आले, पोंचो आला, नसरापूर फाट्यापर्यंत एसटी आणि पुढे जीप आली.”

“मग बुटाला किती उरतात?”

“हजार. फार तर बाराशे.”

“बाराशेत चौपाटीवर फिरायचे बूट येतात.”

“मला ट्रेक आवडेलच असं तरी कुणी सांगितलंय? पहिल्याच फटक्यात सहा हजार घालायचे आणि नाही आवडलं तर? तुझ्या त्या टेनिसच्या रॅकेटसारखं व्हायचं.”

रॅकेट माळ्यावर आहे. टोमणा तिच्या मामीने पुरवलेला होता, हे आमटी वाढणाऱ्या मामीच्या चेहऱ्यावरून कळलं.

“उलट आहे मने. भिकार बूट घालून जाशील, अंगठ्यांची नखं काळी होतील, टाचांना फोड येतील आणि मग म्हणशील, ट्रेक काही आपलं काम नाही. दोष बुटाचा आणि नाव गडाचं.”

“गुंजवण्यातली माणसं काय घालून वर जातात?”

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. नवखा माणूस बुटाची किंमत ऐकली की पहिल्यांदा हाच प्रश्न काढतो.

“पावसाळ्यात प्लास्टिकचे बूट. कुणी चपला. म्हातारी माणसं कधीकधी अनवाणीच.”

“आणि पडत नाहीत.”

“त्यांचं पाऊल कधी नीट बघितलंस? पुढून पंख्यासारखं पसरलेलं असतं. प्रत्येक बोट वेगळं, दगडाला धरतं. जन्मापासून त्याच वाटेवर गुरं घेऊन वरखाली केलेलं पाऊल आहे ते. कुठला धोंडा हलतो, कुठला नाही, हे त्यांना अंधारातही कळतं. तू दहा वर्षं शाळेचा काळा बूट घातलास, पुढे कॉलेजात ते निमुळते सपाट बूट. तुझी बोटं एकमेकांच्या कुशीत शिरून बसलीत.”

मनूने टेबलाखाली पाय पुढे करून बघितला. “हे मात्र खरंय,” ती म्हणाली. “अनवाणी वाढलेल्या पायाची ठेवण रुंद असते, आम्हाला शिकवलंय. पण यावरून एवढंच ठरतं की मला बूट लागेल. तो सहा हजारांचा लागेल हे कुठे ठरलं?”

“घोट्यासाठी. घोट्याच्या वर येणारा बूट हवा. उतरताना पाय मुरगळला की संपलं, चोर दरवाज्यातून झोळीत घालून खाली आणावं लागेल.”

इथे मी चुकलो. फिजिओथेरपिस्टपुढे घोट्याचं नाव काढायला नको होतं. तिने ताट बाजूला सारलं.

“मामा, मुरगळलेला घोटा रोज दोन-तीन तरी बघते मी. पाऊल आत वळतं आणि बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं जातं. हे इतक्या पटकन होतं की मऊ कापडाची उंच कॉलर त्याला अडवूच शकत नाही. अडवायचं तर बूट प्लास्टरसारखा कडक हवा, आणि तसा घालून तुला चालता येणार नाही. अमेरिकेत 1993 साली सहाशेवर बास्केटबॉल खेळणारी मुलं घेतली होती. काहींना उंच बूट दिले, काहींना बुटके. मुरगळण्यात म्हणावा असा फरक पडला नाही.”

“ते लाकडी फरशीवर खेळतात.”

“बरोबर. डोंगरात थोडं वेगळं असेल. उंच बुटाने खडे आत जात नाहीत, काट्याने घोटा ओरबाडत नाही, हे मान्य. पण घोटा सांभाळायचं काम पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू करतात आणि पाऊल कसं पडतंय हे मेंदूला वेळेवर कळण्याने होतं. रोज दात घासताना एका पायावर उभं राहायचं. एक मिनिट उजवा, एक मिनिट डावा. जमलं की डोळे मिटून. हे फुकट आहे. तुझ्या सहा हजारांतले तीन हजार इथेच वाचले.”

“करून दाखव.”

तिने करून दाखवलं. मग मला करायला लावलं. डोळे मिटल्यावर चौथ्या सेकंदाला मी फ्रिजला धरलं. मामी हसली. त्यावर इथे अधिक लिहीत नाही.

फ्रिज सोडून मी वेगळीकडून सुरुवात केली. म्हटलं, घोटा राहू दे, तळ बघ. सह्याद्रीचा कातळ म्हणजे काळा बसाल्ट. कोरडा असला की त्याच्याइतका भरवशाचा दगड नाही, अंगावर घेतो. जूनमध्ये त्यावर शेवाळं धरतं आणि तोच दगड साबणासारखा होतो. पायऱ्यांच्या मधल्या भागावर पाय पडून पडून तो गुळगुळीत झालेला असतो, तिथे तर विचारूच नको. त्यावर मुरमाचा घसारा, त्यावर चिखल. एकाच वाटेवर तीन प्रकार.

“आणि सहा हजारांचा तळ शेवाळ्यावर धरतो?”

“नाही,” मी खरं सांगितलं. “शेवाळ्यावर कुठलाच तळ धरत नाही. तिथे पाय कसा टाकायचा ते शिकावं लागतं. पावलाचा सगळा तळ एकदम टेकवायचा, टाच आधी नाही. दगडापेक्षा गवताच्या मुळावर पाय द्यायचा. पण ओल्या, शेवाळं नसलेल्या कातळावर रबर-रबरात जमीन-अस्मानाचा फरक असतो. जुन्या काळी युरोपातले गिर्यारोहक तळाला लोखंडी खिळे मारलेले बूट घालत. 1935 साली इटलीतल्या विताले ब्रामानीचे सहा सोबती आल्प्समध्ये खराब हवामानात अडकून गेले. खिळ्यांच्या बुटाने थंडी पायात शिरायची आणि कातळावर चढताना ते उतरवून कापडी बूट घालावे लागायचे. एकच बूट दोन्हीकडे चालला पाहिजे, या ध्यासाने त्याने 1937 साली खोल नक्षीचा रबरी तळ बनवला. विब्रम म्हणतात तो. 1954 साली इटलीच्या पथकाने के-टू पहिल्यांदा सर केलं तेव्हा त्यांच्या पायात तोच तळ होता.”

“तो तळ बाराशेत येतो?”

“नाही.”

“मग सांगितलंस कशाला?”

“यासाठी की दुकानात बूट हातात घेशील तेव्हा रंग बघायच्या आधी उलटा करून बघ. नक्षी किती खोल आहे? चार-पाच मिलिमीटर हवी, आणि दोन ठोकळ्यांमध्ये चिखल गळून पडेल एवढं अंतर हवं. नख दाबून बघ. जरा तरी रुतलं तर रबर मऊ आहे, प्लास्टिकसारखं टणक लागलं तर ठेवून दे. मग दोन्ही हातांनी बूट वाकव. जिथे तुझी बोटं दुमडतात तिथेच वाकला पाहिजे. मधूनच घडी पडत असेल तर नको.”

“हे सगळं बाराशेच्या बुटात असू शकतं?”

“काहींत असतं.” आता नाइलाज होता. “आमच्यात निम्मे लोक ‘अ‍ॅक्शन ट्रेकिंग’वरच गड फिरलेत. पकड चांगली असते म्हणतात. मीही एक जोड झिजवलाय.”

“मामा!”

“पण त्याला आयुष्य नाही. चामड्याचा चांगला बूट जपून वापरला तर दहा-पंधरा वर्षं जातो. थांब, दाखवतोच तुला.”

इतका वेळ जो हुकमाचा एक्का मी राखून ठेवला होता, तो काढायची वेळ आली. स्टूल घेतलं, माळ्यावरून खोका काढला. 2012 साली हिमालयात सार पासला गेलो तेव्हा घेतलेले बूट. उंच, चामड्याचे, आतून पाणीरोधक पडदा असलेले. त्या वेळी महिन्याच्या पगाराचा चांगलाच लचका तुटला होता. सार पासनंतर दोन-तीनदा वापरले असतील. मग म्हटलं, असले बूट सह्याद्रीच्या चिखलात कशाला खराब करायचे? साफ केले, पॉलिश केलं, वर्तमानपत्र कोंबलं, खोक्यात ठेवले. प्लास्टिकच्या पिशवीत, वर गाठ मारून.

मनूने ते आधी मामीच्या केकच्या वजनकाट्यावर ठेवले. मामीने खाली कागद घालायला लावला. जोडीचं वजन एक किलो तीनशे चाळीस ग्रॅम भरलं.

“पायातलं एक किलो म्हणजे पाठीवरचे साधारण पाच किलो,” ती म्हणाली. “उगाच नाही सांगत, मोजलंय लोकांनी. प्रत्येक पावलाला ते उचलून पुढे न्यावं लागतं ना. नवख्या माणसाच्या मांड्या उतरताना आधीच थरथरत असतात. दमलेला माणूस पाय नीट उचलत नाही आणि तिथेच ठेचकाळतो.”

“चामडं बघ. शिवण बघ. बारा वर्षांहून जुना आहे, कुणी म्हणेल?”

तिने चामडं बघितलं, शिवण बघितली आणि मग दुकानातल्यासारखा बूट उलटा करून टाचेवर अंगठा दाबला. रबरी तळाच्या वरचा जो करडा थर असतो ना, त्यात तो अंगठा पेरापर्यंत आत गेला. तिने घाबरून हात काढला तर बोटाबरोबर भुगा आला. जुन्या, कोरड्या झालेल्या म्हैसूरपाकासारखा. तिने तळ हलकेच ओढला आणि तो टाचेपासून पुढे अर्ध्यापर्यंत सुटून लोंबायला लागला. मामी काही न बोलता झाडू घेऊन आली.

मी दुसरा बूट हातात घेतला. त्याचंही तेच.

या प्रकाराचं कारण मला त्या दिवशी माहीत नव्हतं, नंतर शोधलं. महागड्या बुटांत टाचेखालचा तो मऊ थर पुष्कळदा पॉलियुरेथेनचा असतो. चालायला तो छान, टिकाऊ, लवकर दबत नाही. पण हवेतल्या दमटपणाने त्याची साखळी हळूहळू तुटत जाते आणि एक दिवस भुगा होतो. वापरात असलेला बूट दाबला जातो, त्याला हवा लागते, म्हणून तो जास्त टिकतो. पिशवीत गाठ मारून ठेवलेल्या बुटात ओल कोंडून राहते आणि तो न वापरता मरतो. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात माळ्यावर ठेवण्याइतकं त्याला वाईट दुसरं काही नाही. स्वस्त बुटात तिथे बहुतेक वेळा ईव्हीए नावाचा फोम असतो. तो वर्षा-दोन वर्षांत चपटा होऊन जातो, पण असा भुगा होऊन दगा देत नाही. थोडक्यात, मी जपला म्हणून तो गेला.

“हे राजगडावर झालं असतं तर?” मनूने विचारलं. टोमणा नव्हता, खरंच काळजीने विचारलं.

“तर तळ बुटाच्या नाडीने बांधून उतरलो असतो.”

“बूट कुठल्या कंपनीचे?”

ते मी सांगितलं नाही, इथेही सांगत नाही. बारा वर्षं गाठ मारून ठेवणारा मी होतो.

संध्याकाळी आम्ही दुकानात गेलो. संध्याकाळी हे मी मुद्दाम ठरवलं होतं. दिवसभर उभं राहून पाऊल थोडं सुजलेलं असतं, गडावर चार तासांनी जसं होतं तसं. सकाळी घेतलेला बूट दुपारी आवळतो. मनूला हे पटलं; दवाखान्यात दिवसभर उभी असते.

पेठेतलं जुनं दुकान. खाली चपला, वर लाकडी जिन्याने गेलं की स्पोर्ट्स. दुकानदारांनी तिच्याकडे बघून लेडीजमधले तीन जोड आणले. तिन्ही गुलाबी, तिन्ही तळाला सपाट.

“काका, हे चालायचे आहेत. मला चढायचंय.”

“ट्रेकिंगचे जेंट्समध्ये आहेत. सहापासून पुढे.”

“माझा पाच नंबर आहे.”

“मापून घेतलास कधी?” मी विचारलं.

“मामा, मला माझ्या पायाचा नंबर माहीत आहे. दहावीपासून पाच.”

इथे सांगायला हवं की सकाळपासून ती प्रत्येक मुद्द्यावर बरोबर निघाली होती आणि त्याचा मला त्रास होऊ लागला होता. मी दुकानदारांकडून वर्तमानपत्र मागितलं, जमिनीवर पसरलं आणि तिला मोजे घालून दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायला सांगितलं. बॉलपेन सरळ उभं धरून कडेने रेघ मारली. डावं पाऊल उजव्यापेक्षा लांब निघालं, तांदळाच्या दाण्याएवढं. बहुतेकांचं थोडंफार असं असतंच. मग पाच नंबरच्या गुलाबी बुटातली आतली गादी काढली आणि त्या आकृतीवर ठेवली. अंगठा गादीच्या बाहेर.

मनू गप्प.

“दहावीपासून पाच,” मी म्हणालो.

“ऑफिसच्या बुटात बसतं पाऊल.”

“ऑफिसात उतार नसतो. गडावरून उतरताना पाऊल पुढे सरकतं आणि प्रत्येक पावलाला अंगठ्याचं नख बुटाच्या पुढच्या भिंतीवर आपटतं. दोन तास आपटलं की रात्री नखाखाली रक्त साकळतं. महिन्याने नख पडतं. तू रोज घोटे बघतेस, मी तीस वर्षं अंगठे बघतोय.”

आपल्याकडचे नंबर ब्रिटिश मापाचे. एक नंबर वाढला की लांबी इंचाच्या एक तृतीयांशाने वाढते, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. ऐकायला काहीच नाही. नखाला विचारा.

दुकानदारांनी जेंट्सचा सहा काढला. करडा, जाळीचा, तळ काळा. मनूने उलटा करून नक्षी बघितली, नख दाबलं, वाकवला. शिकली होती.

“एवढा मोठा? टाच वर उचलली जातेय,” ती म्हणाली.

“आतून सोल टाकून देतो,” दुकानदार म्हणाले.

“नाडी न बांधता पाय पुढे सरकव, बोटं टेकेपर्यंत,” मी म्हणालो. “आता टाचेमागे तर्जनी घाल. एक बोट सहज जातंय? हेच माप. दोन बोटं गेली असती तर मोठा. आता टाच मागे ठोक आणि नाडी बांध. शेवटच्या भोकातून नाडी पलीकडे न नेता त्याच बाजूच्या वरच्या भोकात घाल, छोटा फास ठेव, आणि समोरची नाडी त्या फासातून ओढून आवळ.”

तिने आवळलं. टाच बसली. मग मी तिला त्या लाकडी जिन्यावरून पाच वेळा खाली पाठवलं, दर पायरीला पाय जरा आपटत. दुकानदारांच्या कपाळाला आठी पडली. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

“अंगठा लागतो?”

“नाही.” मग जरा थांबून, “पाच नंबर दे बघू काका, एकदा.” पाच घालून एकदाच उतरली आणि वर येऊन काही न बोलता तो काढून ठेवला.

“वापरून सैल होतो हं पाच,” दुकानदार म्हणाले. विकायचा म्हणून म्हणाले असतील, पण हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येतं म्हणून सांगतो. बूट रुंदीला थोडा सैल होतो. लांबीला कधीही होत नाही.

किंमत अकराशे पन्नास. तिथे पाणीरोधक बुटांवरून आमचं आणखी एकदा वाजलं, पण थोडक्यात. पंचवीसशेचा एक जोड होता, वर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेला. आधी म्हणत होतो ते विसरून मी तो उचलला. मनू म्हणाली, “राजगडावर पाऊस कुठून येतो?” वरून येतो. पायावरून ओघळतो, मोज्यात मुरतो आणि बुटात उतरतो. ओढा ओलांडताना पाणी घोट्याच्या वर असतं. आत गेलेलं पाणी त्या पडद्यामुळे बाहेर पडत नाही; दिवसभर दोन लहान बादल्या पायात घालून चालावं लागतं. जाळीच्या बुटात पाणी येतं आणि चालता चालता निघूनही जातं. बर्फात, थंडीत, उंच गवतावरच्या दवात पडदा कामाचा. आमच्या पावसाळ्यात नाही. सार पासला मला त्याचा उपयोग झाला होता, हे मी तिला ऐकवलं. “तिकडे जाईन तेव्हा घेईन,” ती म्हणाली. “आणि माळ्यावर ठेवणार नाही.”

खरं भांडण मोज्यांवर व्हायला हवं होतं, पण तिथे ती लगेच मानली. सुती मोजा पाणी धरून ठेवतो. ओल्या मोज्यात कातडी भिजून पांढरी, सुरकुतलेली होते आणि अशा कातडीला दोन तासांत फोड येतो. नायलॉन-पॉलिएस्टरचे, टाचेला टॉवेलसारखे जाड विणलेले दोन जोड घेतले, साडेतीनशेला. एक पायात, एक पिशवीत गाठ मारून सॅकमध्ये. इथे गाठ चालते.

बाहेर पडल्यावर मी तिला कोपऱ्यावरच्या मोच्यांकडे नेलं. हा तिला वेडेपणा वाटला. “नवे कोरे बूट शिवायचे?”

“स्वस्त बुटाचा तळ नुसता चिकटवलेला असतो. भिजला, वाळला, भिजला, वाळला की चोच उघडते. नेमकी पुढून.”

मोच्यांनी बूट गुडघ्यांत धरला, तळ वाकवून बघितला आणि म्हणाले, “पुढं आन् टाचेला मारतो. मधल्या अंगाला जाळी खाली आलीय, तिथं टाका घेतला तर जाळीच फाटंल.” मग आरी घातली, मेण लावलेला जाड दोरा आतून फासात घेऊन बाहेर ओढला. प्रत्येक टाक्याला दोरा बोटाला गुंडाळून असा खेचत होते की मनू, जिला रोज लोकांचे खांदे खेचायचे असतात, ती त्यांच्या मनगटाकडे बघत राहिली. वीस मिनिटं लागली. जोडीचे शंभर रुपये. निघताना तिने त्यांना मनगटाचे दोन व्यायाम दाखवले. त्यांनी मान डोलावली आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

सगळं मिळून सोळाशे झाले. उरले नऊशे. पोंचो आणि गाडीभाड्याला पुरतात.

रिक्षात ती म्हणाली, “1955 साली अमेरिकेत सदुसष्ट वर्षांची एम्मा गेटवुड नावाची बाई अ‍ॅपलेशियन ट्रेल एकटी चालून गेली होती. अकरा मुलांची आई. तीन हजारांवर किलोमीटर. पायात कॅनव्हासचे साधे बूट.”

“आणि वाटेत बऱ्याच जोड्या झिजवल्या तिने. तो हिशेब धर.”

“स्वस्त होते ना, म्हणून परवडल्या.”

पुढचे दोन आठवडे तिने तेच बूट घालून दवाखान्यात ये-जा केली आणि रोज संध्याकाळी पर्वतीच्या पायऱ्या. कोरा बूट गडावर काढू नये, याबद्दल आमच्यात मतभेद नव्हता.

राजगडाहून रात्री दहाला फोन आला. नखं शाबूत. डाव्या टाचेला एक फोड, कारण उतरताना नाडी आवळायला कंटाळा केला. चोर दरवाज्याच्या वरच्या टप्प्यात रेलिंगला धरून नीट चढली, पण उतरताना खालच्या चिखलात दोनदा बसली. बुटातली गादी ओली होऊन बोटांपाशी गोळा झाली, ती काढून सॅकमध्ये टाकली. यात दोष बुटाचाच. अकराशेच्या बुटात गादी तशीच येते, पुढच्या वेळी वेगळी घालावी लागेल. त्यांच्यातला एक जण जिमचे गुळगुळीत झालेले बूट घालून आला होता. तो अर्धा गड बसून उतरला, पँटचा मागचा भाग राजगडालाच अर्पण करून आला.

“घोटा?” मी विचारलं.

“एकदा वळला. सावरला. दात घासून घासून.” मग म्हणाली, “पण मामा, दहा-बारा किलोची सॅक असती ना, तर तुझा उंच बूट बरा वाटला असता. फक्त तळ असलेला.”

बूट सुकवायला ती आमच्याकडेच घेऊन आली. आतली गादी काढली, नाड्या काढल्या, वर्तमानपत्र कोंबलं, दोन तासांनी ओला कागद बदलला आणि फ्रिजच्या मागे, जिथे कोमट हवा येते तिथे ठेवले. गॅसवर किंवा हीटरपुढे नाही, चिकटवण सुटते. फ्रिजमागच्या वासावरून मामीचं जे म्हणणं होतं ते छापण्याजोगं नाही.

तुमच्या माळ्यावर हौसेने घेऊन जपून ठेवलेले ट्रेकचे बूट असतील, तर या रविवारी खोका खाली काढा. तळाच्या वरचा थर टाचेपाशी अंगठ्याने जोरात दाबून बघा. भुगा हाताला लागला तर ते बूट घालून कुठल्याही गडावर जाऊ नका. टेनिसची रॅकेट तशीच राहू द्या, तिला काही होत नाही.